समोच्च, समपर्जन्य, समभार: नकाशातल्या सममूल्य रेषांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं, काम करतो म्हटलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी विचारतं, "आमचा प्लॉट पूररेषेत येतो का रे, बघ जरा." भूगोलाचे विद्यार्थी, ट्रेकर मंडळी, पाणलोटाच्या कामावरचे कार्यकर्ते, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर नव्याने शिकणारी मुलं, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. क्रम कसाही लावला आहे. तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

सममूल्य रेषा म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

एखाद्या गोष्टीचं मोजमाप जिथे जिथे सारखंच भरतं, ती ठिकाणं जोडणारी रेषा. पण व्याख्या पाठ करण्यापेक्षा मे महिन्यात उजनीच्या बॅकवॉटरला एक चक्कर मारा. पाणी उतरत जातं तसे काठावर एकाखाली एक पट्टे उमटतात. पाणी जिथे चार-आठ दिवस थांबलं, तिथे काडीकचऱ्याची आणि वाळक्या शेवाळाची कड राहते. त्यातला एक पट्टा धरून चालत सुटलात तर ना चढ लागतो, ना उतार. ओघळ आला की पट्टा आत वळतो, सोंड आली की बाहेर येतो आणि पाण्यातून डोकं काढलेलं टेकाड असेल तर त्याला पूर्ण वेढा घालून स्वतःलाच येऊन मिळतो. धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची कड समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटरवर असते. ती कड कागदावर उतरवली की झाली ४९६.८३ मीटरची समोच्च रेषा.

आता उंचीच्या जागी पाऊस ठेवा, तापमान ठेवा, हवेचा दाब ठेवा. रेषा काढण्याची रीत तीच. फरक एकच: पावसाचे पट्टे काठावर उमटत नाहीत. ते कोणीतरी अंदाजाने काढलेले असतात. पुढची बरीचशी उत्तरं या एका फरकाभोवतीच फिरतात.

समताप, समभार, समपर्जन्य… किती नावं पाठ करायची?

नाव फोडलं की पाठ करावं लागत नाही. ‘सम’च्या पुढे जे मोजलं ते येतं. तापमान मोजलं की समताप, वायुभार मोजला की समभार, पाऊस मोजला की समपर्जन्य, समुद्राची क्षारता मोजली की समक्षार. परीक्षेला एवढं पुरतं.

मग क्षेत्रघनी आणि समघनी नकाशात फरक काय?

क्षेत्रघनी नकाशात तालुका किंवा जिल्हा संपूर्ण एकाच रंगात रंगवतात, म्हणजे हद्द आधी आणि आकडा नंतर. समघनीत आकडा ठरवतो की रेषा कुठून जाणार. तालुक्याच्या हद्दीशी तिचं देणंघेणं नसतं. साक्षरता, मतदान, लोकसंख्येची घनता या गोष्टी क्षेत्रघनीत शोभतात. पाऊस, उंची, तापमान हे हद्द ओलांडताना अचानक बदलत नाहीत, त्यांना समघनी हवा. सातारा जिल्ह्याला पावसाचा एकच रंग दिलेला नकाशा पाहिला की मला महाबळेश्वर आणि माण एका ताटात वाढल्यासारखं वाटतं.

ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली?

एका माणसाच्या नावावर टाकता येणार नाही. धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या एडमंड हॅलीने १६९८ ते १७०० या काळात ‘पॅरामोर’ जहाजातून अटलांटिक पालथा घातला, होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून कुठे किती ढळते ते मोजलं आणि सारख्या ढळीच्या जागा रेषांनी जोडून १७०१ मध्ये नकाशा छापला. क्रुकियस या डच मोजणीदाराने १७३० च्या सुमारास नदीच्या तळाची खोली रेषांनी दाखवली. नंतर १८१७ मध्ये हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने समताप रेषा आणल्या.

मला सर्वांत आवडतो तो चार्ल्स हटन या गणितज्ञाचा किस्सा. पृथ्वीची घनता काढण्यासाठी मॅस्केलिन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये स्कॉटलंडच्या शिहॅलियन डोंगराशेजारी ओळंबा लटकवला आणि डोंगर त्याला किती खेचतो ते पाहिलं. पण डोंगराचं वस्तुमान काढायचं तर आधी आकारमान हवं. मोजणीच्या शेकडो सुट्या आकड्यांचा ढीग हटनपुढे आला. त्याने सारख्या उंचीचे आकडे रेघांनी जोडले आणि डोंगराचा आकार त्याच्यासमोर उभा राहिला. म्हणजे त्याने त्या रेषा हिशेब सोपा व्हावा म्हणून काढल्या होत्या. डोंगर चढणाऱ्यांना त्यांचा उपयोग झाला तो नंतर.

जिथे मोजलंच नाही तिथून रेषा जाते कशी?

अंदाजाने. हातानं कसं करतात ते बघा. समजा नकाशावर पाचगणी आणि वाई यांच्यात ११ सेंटिमीटर अंतर आहे. पाचगणीचा वार्षिक पाऊस १८०० मिलिमीटर धरा आणि वाईचा ७००. फरक ११००, म्हणजे दर सेंटिमीटरला १००. मग १००० मिलिमीटरची रेषा वाईपासून तीन सेंटिमीटरवर. तिथे पेन्सिलीने टिंब द्या. अशीच टिंबं आजूबाजूच्या सगळ्या पर्जन्यमापकांच्या जोड्यांमध्ये द्या आणि हलक्या हाताने जोडत जा.

यात गृहीत धरलं आहे की पाऊस पाचगणीपासून वाईपर्यंत एकसारखा कमी होत जातो. प्रत्यक्षात पसरणीच्या घाटाने खाली उतरलेल्या कोणालाही विचारा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तिथून रस्त्याने तास-दीड तासावर असलेल्या वाईला जेमतेम सातशेच्या आसपास. असा उतार सरळ रेषेत होत नसतो. दोन मापकांच्या मध्ये डोंगराची धार असेल तर तुमची १००० ची रेषा बऱ्याच अंतराने चुकलेली असू शकते, आणि नकाशावर ती इतकी गोंडस दिसते की शंका येत नाही. म्हणून समपर्जन्य नकाशा हातात आला की मी आधी रेषा बघत नाही, मापकांची टिंबं कुठे आहेत ते बघतो. टिंबं दाखवलीच नसतील तर तो नकाशा भिंतीवर लावायला ठीक आहे.

आयडीडब्ल्यू वापरू की क्रिगिंग?

जिथे मोजलं नाही तिथला अंदाज संगणकाकडून काढून घ्यायच्या या दोन पद्धती. आयडीडब्ल्यूचा नियम साधा: जवळच्याचं वजन जास्त, लांबच्याचं कमी. झटपट होतं, पण प्रत्येक मापकाभोवती बैलाच्या डोळ्यासारखी वर्तुळं उमटतात. तशी वर्तुळं दिसली तर ती पावसाची नाहीत, पद्धतीची आहेत. क्रिगिंग आलं दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतून. डॅनी क्रिग या खाण अभियंत्याच्या कामावर फ्रान्सच्या मॅथेरॉनने गणित उभं केलं. दोन ठिकाणांमधलं अंतर वाढत जातं तसं त्यांच्या आकड्यांमधलं साम्य कसं कमी होतं, ते क्रिगिंग आधी तपासतं आणि मग अंदाज बांधतं. शिवाय तो अंदाज कुठे किती डळमळीत आहे याचा वेगळा नकाशाही देतं. माझ्या मते क्रिगिंगची खरी कमाई हा दुसरा नकाशाच आहे, आणि अहवालात नेमका तोच गाळलेला असतो.

पाच-सात मापकं असतील तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही. हाताने काढा, घाट ओळखणारा माणूस शेजारी बसवा.

माझ्या नकाशात कोकणाच्या मधोमध कोरडा ठिपका येतोय. काय चुकलं?

बहुतेक ‘नोंद नाही’च्या जागी शून्य पडलं आहे. मी स्वतः हा मार खाल्ला आहे. एका कामासाठी आलेल्या एक्सेलमध्ये बंद पडलेल्या मापकाच्या रकान्यात शून्य भरलेलं होतं. जुलै महिना, चहूबाजूंनी हजार मिलिमीटर आणि मध्ये एक गाव ठणठणीत कोरडं! रेषा त्या गावाभोवती इतक्या सुबक वर्तुळांत आल्या होत्या की मी त्यावर ‘स्थानिक पर्जन्यछाया’ असं लेबल लावून मोकळा झालो. बैठकीत त्याच भागातले एक तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "साहेब, त्या आठवड्यात आमच्या गावचा साकव वाहून गेला होता." तेव्हापासून रेषा काढण्याआधी सगळ्या शून्यांची वेगळी यादी काढतो. मिलिमीटर आणि सेंटिमीटरची सरमिसळही अशीच सापडते.

दोन समोच्च रेषा एकमेकींना छेदतात का?

नाही. एका जागेला दोन उंच्या कशा असणार? उभ्या कड्यावर त्या एकमेकींवर येऊन एकच जाड रेघ दिसते, तेवढंच.

अपवाद मात्र हरिश्चंद्रगडावर जाऊन बघता येतो. कोकणकडा आत वळलेला आहे, वरची कड पुढे झुकलेली. कडेवर पालथं पडून खाली पाहिलं की दगडाच्या पायथ्याचा भाग तुमच्या पोटाखाली येतो. अशा जागी एकाच टिंबावर वरची कडही आहे आणि खालचा उतारही. काटेकोरपणे काढल्या तर रेषा खरोखर छेदतील. नकाशावर तसं काढत नाहीत, कड्याची खूण वापरतात. संगणकातल्या उंचीच्या मॉडेलला तर ही गोष्ट कळतच नाही, कारण त्याच्या एका चौकोनाला एकच उंची देता येते. त्याच्या लेखी कोकणकडा हा फक्त फार तीव्र उतार आहे.

ट्रेकच्या आधी नकाशावरून नाळ आणि सोंड कशी ओळखू?

दोन्हीकडे रेषा टोकदार वळतात. टोक जास्त उंचीच्या दिशेला असेल तर ओढा किंवा नाळ, कमी उंचीच्या दिशेला असेल तर सोंड. आकडे वाचल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून प्रत्येक पाचवी जाड रेषा शोधा. उंची सहसा तिच्यावरच लिहिलेली असते.

चढ किती, हेही मोजता येतं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या शीटवर दोन रेषांमधलं उभं अंतर साधारण २० मीटर असतं (शीटच्या तळाशी छापलेलं बघून घ्या). एका सेंटिमीटरमध्ये पाच अंतरं मावली तर ५०० मीटर चालताना १०० मीटर चढ. दहा मावली तर दुप्पट, आणि तिथे पावसाळ्यात जाऊ नका. २० मीटरपेक्षा लहान कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये सहज लपतो. पंधरा मीटरचा सरळ कातळ नकाशावर दिसणारही नाही, प्रत्यक्षात मात्र दोराशिवाय उतरता येणार नाही.

रेषांना आतून दातरे काढलेले असतात, ते काय?

खड्डा. बंद वर्तुळ दिसलं की आपण टेकडी समजतो. ती गफलत होऊ नये म्हणून खोलगट जागी रेषेला आतल्या बाजूने बारीक रेघा देतात. सर्वांत देखणं उदाहरण लोणार. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, बाहेरून काठाकडे हलका चढ, मग आत दातऱ्यांची एकात एक वर्तुळं.

गडाच्या माथ्यावर फोन नकाशापेक्षा साठ मीटर कमी उंची दाखवतो. नकाशा चुकला का?

दोघंही बरोबर असू शकतात, फक्त शून्य वेगळं आहे. नकाशातली उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजलेली. जीपीएस मोजतं ते पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून. भारताच्या दक्षिणेला समुद्रात कमी गुरुत्वाकर्षणामुळे समुद्रपातळी त्या लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे, आणि त्या खोलगटीचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साठेक मीटर भरतो. काही ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात, काही करत नाहीत. कळसूबाईवर १६४६ च्या ऐवजी १५८० च्या आसपास दिसलं तर ॲपची सेटिंग बघा.

क्यूजीआयएसमध्ये काढलेल्या रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या का येतात?

कारण तुम्ही सपाट भागात एक मीटरच्या अंतराने रेषा मागितल्या आहेत. फुकट मिळणारं एसआरटीएम मॉडेल फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने ११ दिवसांत रडारने टिपलेलं. त्याचा चौकोन साधारण ३० मीटरचा, आणि उंची पूर्ण मीटरमध्ये, अपूर्णांक नाही. गोदाकाठच्या सपाट रानात शेजारचे वीस चौकोन ४१२ आणि पुढचे वीस ४१३ असतील, तर रेषा चौकोनांच्या कडेकडेनेच पळणार.

त्यावर ‘स्मूथ’चं बटण दाबून रेषा गुळगुळीत करणारे भेटतात. दिसतं छान, पण माहिती तसूभर वाढत नाही. अशा मॉडेलमधून मी डोंगराळ भागात २० मीटर आणि फार तर १० मीटर अंतर घेतो. रडारने झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही जमीन म्हणून धरलेली असतात, हेही ध्यानात ठेवा. दाट देवराई नकाशात छोटी टेकडी होऊन येते.

समभार रेषांच्या नकाशात पुणे आणि मुंबई एकाच रेषेवर कशी? पुणे तर उंचावर आहे.

कारण सगळे आकडे आधी समुद्रसपाटीला आणलेले असतात. समुद्राजवळच्या थरात दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो. पुणं साधारण ५६० मीटरवर, म्हणजे तिथला बॅरोमीटर साठेक हेक्टोपास्कल कमीच दाखवणार. ती दुरुस्ती केली नाही तर समभार रेषा सह्याद्रीच्या समोच्च रेषांची नक्कल करत बसतील आणि हवामान काही दिसणार नाही.

रेषा दाटल्या की वारा जोराचा. आपल्या गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. बाइज बॅलट या डच हवामानतज्ज्ञाचा १८५७ चा हा नियम जूनमध्ये गच्चीवरही ताडून पाहता येतो, इमारती आड येत नसतील तर.

बातम्यांत ‘मान्सूनची उत्तर सीमा’ दाखवतात, तीही सममूल्य रेषाच का?

रोजची सीमा म्हणजे मान्सून आज कुठवर पोचला ती कड. पण तिच्या शेजारी तुटक रेषांत सरासरी तारखा असतात, त्या मात्र अस्सल सममूल्य रेषा. मोजमाप आहे तारीख. केरळ १ जून, मुंबई ११ जून, सगळा देश व्यापायला ८ जुलै. या तारखा हवामान विभागाने २०२० मध्ये नव्याने ठरवल्या. तारीख सरासरी आहे, म्हणून ११ जूनला मुंबईत ऊन पडलं तर वेधशाळेला शिव्या घालू नयेत. रेषेच्या दक्षिणेला रोज पाऊस पडतो असंही नाही, हे पेरणी करून बसलेल्याला सांगायला नको.

वेळेच्याच दुसऱ्या रेषा म्हणजे ‘इथून अर्ध्या तासात कुठवर पोचाल’. फ्रान्सिस गॉल्टनने १८८१ मध्ये लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा असा नकाशा केला होता. आता दवाखाने कुठे हवेत ते ठरवायला वापरतात. घाटात ही रेषा लगेच आक्रसते, महामार्गावर लांब जीभ काढते.

पूररेषा ही समोच्च रेषाच ना? मग मी घरी काढू शकतो.

नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. धरणाचं पाणी स्थिर, म्हणून त्याची कड सारख्या उंचीवर. पुराचं पाणी वाहतं असतं, म्हणजे त्याचा पृष्ठभाग नदीबरोबर उतरत जातो. पूररेषा वरच्या अंगाला उंच आणि खालच्या अंगाला सखल असते. वाटेत ती समोच्च रेषा एकामागून एक ओलांडते. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्यावर सगळीकडे सारखी आहे ती पाणी पोचण्याची शक्यता, उंची नव्हे. आणि ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे दर वर्षी शंभरात एक. काल येऊन गेला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी, असं नाही.

दुसरी चूक कोल्हापूरच्या आकड्यांची. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. हे फूट त्या बंधाऱ्यावरच्या पट्टीचे, समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. ते उंचीच्या मॉडेलमध्ये तसेच भरून ‘कोणतं गाव बुडणार’ असे नकाशे व्हॉट्सॲपवर फिरतात. पुढे पाठवू नका. प्लॉटचं उत्तर जलसंपदा विभागाच्या नकाशावरच मिळेल, पंगतीत नाही.

डोंगरावर सलग समतल चर आखायचे आहेत. संगणकाच्या रेषा चालतील का?

कुठल्या उतारावर काम धरायचं, हे ठरवायला चालतील. फक्की टाकायला नाही. ३० मीटरच्या चौकोनातून आलेली रेषा जमिनीवर मीटर-दोन मीटर वरखाली सहज असते, आणि सीसीटी (म्हणजे हाच सलग समतल चर) एका टोकाला वीतभर जरी खाली गेली तरी सगळं पाणी तिकडे धावतं, बांध फुटतो, वर्षाची मेहनत ओघळात.

त्यासाठी गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. दोन सारख्या काठ्या, दोन्हींवर सेंटिमीटरच्या खुणा, नळीची तोंडं त्यांना बांधलेली, आत रंगीत पाणी. पहिला माणूस खुंटीवर उभा राहतो, दुसरा नळीच्या लांबीइतका पुढे जाऊन वर-खाली सरकत राहतो. "वर… अजून वर… थोडं खाली… बास!" दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्याला आलं की तिथे दगड ठेवायचा आणि पहिल्याने पुढे यायचं. चालताना नळीची तोंडं अंगठ्याने दाबून धरा, नाहीतर पाणी सांडतं. आणि सुरू करण्याआधी दोन्ही काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून आकडे जुळतात का बघा. जुळत नसतील तर नळीत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकलेला असतो. नळी टिचक्या मारत वर उचलली की निघून जातो.